मेलेल्या झाडांच्या पाट्या

कुणालीच्या बागेत झाड मेलं, की ज्यानं ते आणून दिलं त्याच्या घरी निरोप जायचा. तिच्या आईला, शकूला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता.

"माणूस गेल्यागत निरोप धाडतेस? लोक हसतील गो."

लोक हसले नाहीत. मुरबाडकडच्या जयरामला आपलं कुंभ्याचं झाड गेल्याचं कळलं. पुढच्या पावसाळ्यात दुसरं रोप पिशवीत घालून, दोन एसट्या बदलून तो बागेत हजर झाला. कुणालीनं त्या रोपाला नवा नंबर दिला. मेलेल्या झाडाचा नंबर पुन्हा कुणालाच मिळत नसे. जुनी पाटी जागच्या जागी राहायची, फक्त तिच्यावर एक शब्द वाढायचा. मृत.

ही बाग तानसाच्या रस्त्याला, एका संस्थेच्या कॉलेजमागं आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन कुणाली तिथं लागली तेव्हा झाडं होती, पण कुठलं कोणी आणलं याचा पत्ता नव्हता. तिनं देवजी माळ्याला सोबत घेतलं, गावोगाव विचारत फिरली, पत्रे कापले आणि ऑइलपेंटनं पाट्या रंगवल्या. झाडाचं नाव, नंबर, गाव, देणाऱ्याचं नाव. मग शहापूरला कामाला आलेली माणसं वाट वाकडी करून बागेत शिरू लागली. आपल्या नावाच्या पाटीसमोर उभी राहून फोटो काढू लागली.

शकूला लेकीचा अभिमान होता आणि धाकही. वाशिंदचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी प्राध्यापक आहे, असं मध्यस्थानं सांगून ठेवलेलं. कुणालीनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "प्राध्यापक नाही. पाट्या रंगवते." स्थळ चहा पिऊन गेलं ते गेलंच. नोकरीही दर वर्षी नव्या ऑर्डरीवर चालणारी. ऑर्डरीवर सही संस्थेच्या सचिवांची, शेखर सरांची. घर त्या सहीवर उभं होतं, म्हणून शकूचा जीव मार्च आला की टांगणीला लागायचा.

मागच्या मे महिन्यात बागेचा पंप जळला. दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात पडून राहिला. शेजारच्या जाडजूड नळांतून तानसाचं पाणी मुंबईला जात होतं आणि इकडे कुणाली नि देवजी कळश्यांनी झाडं जगवत होती. बरीच जगली नाहीत. निरोप गेले. एका संध्याकाळी जेवताना कुणाली ताटाकडं बघत म्हणाली, "आये, तुझा बेहडा गेला."

शकूनं तो आपल्या माहेरून, भाऊ बारकूच्या बांधावरून आणला होता. सबंध वाटभर मांडीवर धरून. भाऊ गेला, बांध विकला गेला. शकू त्या रात्री जेवली नाही.

फेब्रुवारीत बागेची पाहणी करायला समिती येणार असं ठरलं. शेखर सरांनी कल्याणकडच्या नर्सरीतून टेम्पोभर रोपं आणवली. मृत दिसेल तिथं त्याच जातीचं रोप लावायचं आणि पाटीवरचा तेवढा शब्द पुसायचा, एवढंच काम. कुणाली नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी शकूला फोन करून बोलावून घेतलं. लेकीला वळवायचं असं ठरवूनच शकू बागेत आली.

"मावशी, तुम्हीच समजवा हिला," शेखर सर म्हणाले. "बेहडा तो बेहडा. त्याला काय आधार कार्ड असतं?"

"असतं ना सर," कुणाली म्हणाली. "तेच तर मी रंगवते."

देवजीनं हसू लपवायला खोकला काढला. शकूनं लेकीला बाजूला ओढलं.

"कर ना गो कुणे. पाहणी झाली की काढून टाक. ऑर्डर यांच्या हातात हाय."

"जयरामदादाला मीच सांगितलं ना, झाड गेलं म्हणून? उद्या तो आला आणि त्याच्या नावाखाली हिरवंगार झाड दिसलं, तर त्यानं मला काय म्हणायचं?"

कुणालीनं टेम्पोतली रोपं लावली होती, पण कुंपणाकडेच्या मोकळ्या जागेत, वेगळ्या ओळीत. त्यांच्या पाट्याही तयार होत्या. नवे नंबर, खाली नर्सरीचं ठिकाण आणि देणाऱ्याच्या जागी सचिवांचं नाव.

"माझं नाव कशाला?" शेखर सर तडकले.

"आणली तुम्ही. इथं देणाऱ्याचं नाव लागतं."

"मार्चअखेर तुझी मुदत संपते. लक्षात आहे ना?"

"आहे. तोवर पाट्या माझ्याकडं आहेत."

सरांनी तिच्याकडं पाठ केली. थिनरचा बोळा उचलला, जवळच्याच एका पाटीवर तो शब्द घासून पुसला आणि खूश होऊन म्हणाले, "हे बघा मावशी. तुमचा बेहडा केला जिवंत."

पाटीवर शकूचं नाव होतं, माहेरचं गाव होतं आणि शब्दाच्या जागी लाल फराटा. खाली कोरडा खड्डा. शकूनं लेकीसमोर हात पसरला.

"ब्रश दे."

शाळा सुटल्यापासून तिनं फारसं लिहिलं नव्हतं. मृत लिहिताना ओघळ आला, तो तिनं बोटानं पुसला.

"माझ्या भावाच्या बांधावरचा होता, साहेब. मेला. त्याच्या जाग्यावर दुसरा कोन नको."

"मावशी, मुलीच्या नोकरीचा तरी विचार करा."

"तोच करीत आले इथवर," शकू म्हणाली. "आता नाय करीत." आणि लेकीकडं वळून, "जयरामला फोन लाव. ज्यांची ज्यांची गेली त्या समद्यांना लाव. म्हनावं, पाहणीच्या दिशी आपापल्या पाटीशी येऊन उभं रहा. बघू कोन पुसतो."

समिती आली तेव्हा रिकाम्या खड्ड्यांपाशी माणसं उभी होती. कोणी धोतरात, कोणी जीन्समध्ये. शेखर सर समितीला भराभर पुढं नेत होते, पण त्यातल्या एक बाई शकूजवळ थांबल्या.

"हे कशानं गेलं हो?"

ऑर्डर येईल की नाही, शकूला ठाऊक नव्हतं. तिनं पदर खोचला आणि सरांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मे महिन्यात पंप जळला होता. कोनी दुरुस्त केला नाय. पानी नव्हतं, बाई."