सुदामची पलटी लात

सुदाम जाधवला अंबरनाथ पूर्वेत फारसं कुणी ओळखत नसे. पण उल्हासनगर कॅम्प पाचच्या गेम पार्लरमध्ये तो शिरला की मशीनपुढची गर्दी आपोआप बाजूला व्हायची. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. आम्ही दोघे एकाच कारखान्यात पत्रा दाबून घडवणाऱ्या पॉवर प्रेसवर होतो. आमच्या पट्ट्यात सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे सगळं जग कामावर असताना आम्ही तिथे पडीक.

मारामारीच्या गेममध्ये त्याची एकच चाल, पलटी लात. समोरचा पडून उठायला लागला की सुदाम त्याच्या डोक्यावरून उडी मारायचा आणि ओलांडता ओलांडता मानेवर लात घालायचा. मार अडवायला स्टिक शत्रूपासून लांब ओढावी लागते. इथे शत्रूच पाठीमागे पोचलेला, म्हणजे ओढलेली स्टिक चुकीच्या बाजूला. सगळी करामत स्टिक धरणाऱ्या डाव्या हाताची. उडी जरा अलीकडे पडली की लात समोरून जायची आणि अडायची.

या हाताचं आम्ही फार कौतुक केलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. हात वाचावेत म्हणूनच ती सोय. पण माल भराभर निघावा म्हणून आमचा सुपरवायझर एका बटणात लाकडाची खुट्टी ठोकायला लावायचा, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. बाकीचे जीव मुठीत धरून पत्रा सरकवायचे. सुदाम हसायचा.

"माझ्या हाताच्या आधी प्रेस येते काय? चल बे!"

गेममधला वेग खरा धरून बसला गाढव. एका सोमवारी प्रेस आधी आली. डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. पुरावा नको म्हणून सुपरवायझरने त्याच पाळीत खुट्टी काढून फेकली. त्या माणसाचं नाव घ्यायचीसुद्धा माझी इच्छा नाही.

पट्टी सुटली तसं सुदामने आईला सांगितलं, हात पहिल्यासारखा चालतो, शनिवारपासून परत प्रेसवर. सुपरवायझरही तयार होता. त्याला काय, प्रेस रिकामी नको. त्याची आई, भागीरथीबाई, माझ्याकडे आल्या.

"तूच समजाव रे त्याला. उरलेला हात पण घालवून बसंल."

मी समजावलं. तो म्हणाला, "शुक्रवारी चल. पलटी लात बसली तर मी जाणार. मग तू गप बसायचं."

समोर गोप उभा राहिला, कॅम्प पाचमधला जीन्सचा कटिंग मास्टर, आमचा जुना दोस्त. सुदामने तळव्यात आणि अंगठ्यात स्टिक धरली. पहिलीच लात बसली. त्याने जिंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं. दुसरीही बसली. मग त्याची नजर खाली गेली. गोपचा डावा हात खिशात होता.

"ब्लॉक कर," सुदाम म्हणाला.

"छोड ना यार, खेल."

"दया करतो काय माझ्यावर? ब्लॉक कर, साल्या!"

गोपने डोळे पुसले आणि खरा खेळला. आता उडी दर वेळी अलीकडेच पडली. प्रत्येक लात अडली. सुदाम हरला, परत खेळला, परत हरला. नवी कातडी फाटून स्टिकला रक्त लागलं तेव्हा गोप मागे सरला.

"बस कर, सुदामभाई."

सुदाम स्क्रीनकडे बघत राहिला. "नाही जमत मला," तो म्हणाला. डॉक्टरला, आईला, मला, कुणालाच तो तोवर हे बोलला नव्हता. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "मग आता मी करू काय?"

चोवीस वर्षांचा होता तो, आणि प्रेसशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.