चंद्रोदयानंतरचं जेवण

डॉक्टर बायोप्सीचा रिपोर्ट समजावत होत्या आणि मी मनात घरी सांगायचं खोटं जुळवत होतो. त्यांचं निम्मं बोलणं मी ऐकलंच नाही. हे आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

ऐकलं ते एवढं: बॅरेट्स इसोफॅगस. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलतं. "हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या, "पण काहींच्या बाबतीत पुढे होऊ शकतो. अधूनमधून दुर्बिणीने बघत राहायचं. गोळी चुकवायची नाही. आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही."

बोरिवलीला घरी आलो. गोळ्या बघून बायकोने, सुनंदाने, विचारलं. म्हटलं, "अ‍ॅसिडिटी." तिचे वडील अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले; शेवटी नळीतून पेज तीच घालायची. तिला कशाला घाबरवा, असं मी स्वतःला समजावलं.

खोट्याची सुरुवात तशी आधीच झाली होती. एंडोस्कोपीला, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीला, रिकाम्या पोटी जावं लागतं. घरी प्रश्न नकोत म्हणून मी संकष्टीचा दिवस घेतला.

"चहासुद्धा नको? एकदम एवढा देव कुठून आठवला हो?" सुनंदा हसली, पण खूश झाली.

भुलीमुळे सोबत माणूस लागतो. ऑफिसातला कांबळे आला. बाकावर बसून म्हणाला, "मी बौद्ध माणूस, आणि तुझ्या संकष्टीला साक्षीदार मीच! वहिनीला सांग ना रे." मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या संकष्टीला सुनंदाने माझ्यासोबत उपास धरला. "एकदा धरलेलं असं सोडतात का?" मग दर महिन्याला आम्ही खिडकीत चंद्राची वाट बघायचो. नऊ-दहा वाजायचे. त्यानंतर वरणभात, तूप, मोदक आणि भरल्या पोटी अंथरूण. डॉक्टरांनी नेमकं नको म्हटलेलं. एरवीही लेक कामावरून आल्याशिवाय पानं घेत नव्हतो. 'मला सातला वाढ' म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

या आजारात माणूस वरून ठणठणीत दिसतो. पहाटे मात्र तोंडात आंबट-कडू पाणी यायचं आणि मी भिंतीला टेकून बसून राहायचो. भाकरीचा घास जरा रेंगाळला की वाटायचं, झालं, सुरू झालं.

वर्षाने पुढची एंडोस्कोपी, तीही संकष्टीलाच. डॉक्टर गंभीर झाल्या. "गोळी घेताय तरी एवढ्या जखमा? रात्री जेवता कधी?"

"सातला," मी त्यांच्याशीही खोटं बोललो.

"मग औषध लागू पडत नाही म्हणायचं. एवढ्या सुजेत पेशींचं काही नक्की सांगता येत नाही. वाईट काही असलं तर दिसणार नाही."

ते वाक्य घेऊनच मी घरी आलो.

सुनंदा मोदकांची उकड मळत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिने हात धुतले, गॅस बंद केला.

"बाबांचं सगळं मी केलं. तेव्हा खचले होते का मी?" मग आवाज चढला. "आणि वर्षभर मी स्वतःच्या हाताने तुम्हाला रात्री मोदक वाढत होते हो!" शेवटी हळू विचारलं, "मी घाबरेन म्हणून लपवलंत, की माझी कटकट नको म्हणून?"

मी उकडीची परात झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही खरं सांगितलं. आता सातला जेवतो, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच केलीय. सूज उतरल्यावर पुन्हा तपासलं. सध्या धोक्याच्या पेशी नाहीत. 'सध्या' या शब्दासोबत जगायची सवय अजून झालेली नाही. तपासणीला आता सुनंदा येते. शेजारी बसते, पण पूर्वीसारखी बोलत नाही.

तुम्हाला हे निदान झालं तर त्याच दिवशी घरी सांगा. मला हे म्हणायचा अधिकार नाही, तरी म्हणतो.

सुनंदाच्या प्रश्नाचं उत्तर: कटकट नको म्हणून. इथे लिहिलं, तिला अजून सांगितलेलं नाही. ते उत्तर मी तिला देणं लागतो.