सुरंगीचा वळेसर आणि एक शेळी

“निघा हो भावोजी, निघा! पोरांना मी काही गिळत नाही!” थोरली वहिनी ओटीवरून ओरडली. तिचा आवाज असा, की भाट्याच्या खाडीतली गलबतं घाबरून नांगर उचलायची. आमची चारही पोरं तिच्या पदराला लोंबकळत होती, आणि आम्ही नवराबायको लग्नानंतर पहिल्यांदाच नुसते दोघे समुद्रावर चाललो होतो.

मी मुंबईला एका पेढीवर कारकून. रजा संपत आलेली, परवा परतीची आगबोट. आमच्या घरात माणसं इतकी, की बायकोशी दोन शब्द बोलायचे तर आधी मांजराला उठवून जागा करावी लागे. मला तिला एकच विचारायचं होतं: मुंबई सोडून इथेच राहू का?

तेव्हाची रीत अशी, की नवऱ्याने पुढे चालायचं, बायकोने बरंच मागून, आणि पुढच्याने वळून बघायचं नाही. बघितलं तर अख्खी आळी आठवडाभर हसणार. ती मागे आहे हे मला वासावरून कळत होतं. तिने केसांत सुरंगीच्या पिवळ्या फुलांचा गजरा, आमच्याकडचा वळेसर, माळला होता. त्या वासाने आभाळसुद्धा पिवळं पडलं होतं.

काळ्या वाळूवरून चालत राहिलो. दिवस पाण्यात विरघळत होता; आपण चालतोय की लाटच आपल्याला नेतेय, कळेना. समुद्राकडे तोंड करून मी बोलू लागलो. बोललो म्हणजे किती! भरतीची ओहोटी झाली. शेवटी विचारलं, “तर मग, राहू का इथेच?”

उत्तर तिच्या तोंडावर बघायचं होतं; रीत गेली खड्ड्यात, म्हणून वळलो.

मागे एक शेळी. तोंडात गळून पडलेला वळेसर आणि डोळ्यांत, शपथेवर सांगतो, पाणी.

बायको पार लांब, एका उपड्या होडीवर. पाय लाटेत, डोळे मिटलेले.

“अगो, मी तिकडे जीव ओतला तो शेळीने ऐकला!”

“मग? काय म्हणाली?”

तिच्या शेजारी बसलो आणि पुन्हा विचारलं. या खेपेला फुलोरा सगळा झडला होता, नुसता प्रश्न उरला. ती पायाने पाणी ढवळत राहिली. पाण्यावरचा उजेड हळूहळू विझला, खाडीपलीकडे एक दिवा लागला. उठलो. अंधारात कोण बघतंय, म्हणून ती आता शेजारून चालत होती.

पाखाडीच्या पायऱ्या चढताना वहिनीच्या हाका ऐकू आल्या. तेव्हा ती म्हणाली,

“विहिरीचा रहाट करकरतो. आगबोट गेली की तेवढा नीट करा.”