टिटवीची वकीलबाई

शाळेत सगळे तिला मावशी म्हणत. शिपाईमामा तेवढे वकीलबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सातवीतल्या एका मुलीच्या वतीने दिवसभर बोलणं हे मावशीचं काम होतं.

ती मुलगी चाकांच्या खुर्चीत बसायची. जन्मापासूनच तिचे स्नायू तिचं ऐकत नसत. हात वहीकडे न्यायला जावा तर तो भलतीकडेच जायचा, आणि जिभेचीही तीच तऱ्हा. डोकं मात्र तल्लख. बोलायची भरपूर, पण नवख्या माणसाला तो नुसता आवाज वाटायचा. तान्हेपणीच्या रडण्यावरून बापाने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव घरातून शाळेपर्यंत आलं.

मावशीला तिचं सगळं कळायचं. त्याचं श्रेय सासूला. अर्धांगाचा झटका येऊन सासूची जीभ जड झाली, तेव्हा मावशी शिवणकाम घरी आणून तिच्या उशाशी बसली. आजारपणात सासू पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागली, तेही बहुतेक सुनेच्या चुका काढायला. कळलं नाही असं दाखवायची चांगली सोय होती, पण मावशीच्या कानात शब्दन्‌शब्द नीट पडायचा. सासू गेली, आणि शेजारणीने सांगितलं की सरकारी शाळेत अशाच एका मुलीला मदतनीस हवी आहे. देवाने आपला कान याचसाठी तयार करून घेतला असेल, असं मावशीने मनाशी धरलं आणि ती रुजू झाली.

सकाळी खुर्ची उतारावरून वर न्यायची, पट्टा बांधायचा, जाड केलेली पेन्सिल बोटांत अडकवायची, बाथरूमला न्यायचं, डबा भरवायचा. परीक्षेत टिटवी सांगेल ते लिहायचं. तिथे मावशी काना-मात्रेचाही फरक करत नसे. पण परीक्षा सोडली तर तिला एक खोड होती. ती साखर पेरून सांगायची.

मोठ्या बाई वर्गात आल्या की टिटवी म्हणायची, बाईंनी स्वेटर उलटा घातलाय. मावशी सांगायची, नमस्कार म्हणतेय. एखादी मुलगी चित्र दाखवायला आली की टिटवी विचारायची, याला नाक का नाही? मावशी म्हणायची, छान आहे म्हणते. टिटवी चिडून खुर्चीचा दांडा ठोकायची. वर्गाला वाटायचं, खूश झाली.

मावशीचा हेतू वाईट नव्हता. या पोरीवर आधीच दहा जणांच्या नजरा, त्यात आगाऊ म्हणून नाव नको. दांड्याचे ठोके ऐकून खास शिक्षणाच्या बाईंनी दोनदा हटकलंही होतं की मावशी, शब्द बदलू नका. मावशी म्हणाली, शब्द तिचेच असतात बाई, मी फक्त रितीने सांगते.

त्या रितीने झालं असं, की टिटवी सगळ्यांना आवडायची आणि कोणाचीच मैत्रीण नव्हती. मुली तिच्याशी बोलायच्या त्या मावशीच्या तोंडाकडे बघत. मधल्या सुट्टीत जवळ बसायच्या, पण मोठं माणूस शेजारी म्हणून जपून बोलायच्या आणि डबा संपला की पळायच्या.

वर्षाच्या शेवटी दरवेळी एक बैठक व्हायची. टिटवीला पुढच्या वर्षी काय मदत द्यायची ते तिथे ठरे, आणि मावशीची नोकरीही तिथेच पुढे चालू होई, कारण तिची नेमणूक या एका मुलीपुरती होती. या वर्षी आईला इस्पितळातल्या कपडे धुण्याच्या कामातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून बाप आला. तो ट्रक चालवायचा, महिन्यातून थोडे दिवस घरी असायचा, आणि मुलीचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायचं. मोठ्या बाई होत्या, खास शिक्षणाच्या बाई होत्या. दरवर्षीचंच पुढे चालू, असं म्हणून मोठ्या बाई आटपायला लागल्या. तेवढ्यात खास शिक्षणाच्या बाईंनी टिटवीलाच विचारलं की तुला काय हवंय.

टिटवी बराच वेळ बोलली.

"काय म्हणतेय?" बापाने विचारलं.

खोलीत ते कळलेली मावशी एकटीच होती. ती म्हणाली, "मावशीने जरा विश्रांती घ्यावी, असं म्हणतेय."

बाप हसला. बघा किती जीव आहे, म्हणाला.

मावशीने कान दांड्याच्या ठोक्याकडे लावला. ठोका आला नाही. टिटवीने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. खास शिक्षणाच्या बाईंनी आणखी काही सांगायचंय का विचारलं, तरी तिने ते उघडलं नाही. बडबडून डोकं उठवणारी ही पोर अशी गप्प मावशीने कधी पाहिली नव्हती. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "ती म्हणाली ते असं. मला वर्गात मावशी शेजारी नको, तिला मागे बसू दे. मधल्या सुट्टीत तर नकोच. ती असली की मुली खरं काही बोलत नाहीत. आणि ती माझं बोलणं गुळगुळीत करते, ते मला आवडत नाही."

टिटवीने पुन्हा तोंड उघडलं.

"आता म्हणतेय," मावशीने नाक पुसलं, "मावशीने रडायचं नाही."

बाप गडबडला. मावशी, पोरीचं मनावर घेऊ नका, म्हणाला. मग त्याला खरी काळजी सुचली की हिला भरवणार कोण आणि हिचं समजणार कोणाला. खास शिक्षणाच्या बाई म्हणाल्या, मुली शिकतील, मावशीही कोणाला तरी ऐकून ऐकूनच शिकल्या ना. ठरलं ते असं: मावशी वर्गात मागच्या बाकावर, मधल्या सुट्टीत हाकेच्या अंतरावर, उरलेला वेळ खास वर्गातल्या लहान मुलांकडे. सहामाहीपर्यंत बघू. त्यानंतर मदतनीस लागली नाही तर नेमणूक संपेल, हेही मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी मावशीने देवापुढे हात जोडले, पण नेमकं मागायचं काय ते तिला ठरवता येईना.

शाळा पुन्हा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मावशी ओसरीतल्या बाकावर शिपाईमामांशेजारी बसली, मांडीवर टिटवीचा रुमाल घेऊन. समोर चारपाच मुली खुर्चीभोवती डबे उघडून बसल्या होत्या. टिटवी काहीतरी म्हणाली. मुलींनी विचारलं, काय? तिने परत सांगितलं. एकीने भलताच अंदाज केला, तसा दांडा ठोकला गेला. हळू सांग ना, दुसरी म्हणाली.

मावशीला पहिल्याच फटक्यात कळलं होतं. गणिताच्या सरांच्या नव्या मिशांबद्दल होतं, आणि चांगलंच आगाऊ होतं. शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. तिने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

आणखी दोनदा सांगून झाल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका मुलीच्या डोक्यात उजेड पडला. तिने ते बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्या खिदळायला लागल्या. टिटवीच्या तोंडातला घास हनुवटीवर आला. मावशी अर्धवट उठली. तोवर त्या मुलीने स्वतःच्या गणवेशाच्या बाहीने तो पुसलाही होता. मावशी खाली बसली.

"काय म्हणाली हो?" शिपाईमामांनी विचारलं.

"तिलाच विचारा की."

मामांना वाटलं, बाई रुसली. पण कुतूहल काही सुटेना, म्हणून ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मुलींकडे गेले. टिटवीने त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला घेतलं.