बशीएवढा सूर्य

सोमवार. सकाळी अकरा दहा ते अकरा बावन्न, एकूण बेचाळीस मिनिटं. हजर दोघंच: वायरलेस चालवणारे गफूरसाहेब आणि जावक वही घेऊन गेलेला मी. तेवढ्या वेळात औरंगाबादहून आमच्या उस्मानाबादच्या कचेरीत एक अक्षरही आलं नाही.

जिल्हा आधी निजामाचा, मग हैदराबाद राज्याचा आणि आता नुकताच मुंबई राज्याचा झाला होता. गफूरसाहेब मात्र त्याच खुर्चीवर. कचेरी त्यांना झोपाळू म्हणे, कारण रोज सकाळी ते खिडक्या लावून खोलीत अंधार करत. खरं कारण मला ठाऊक होतं. पूर्वेच्या खिडकीला भोक पाडून त्यात त्यांनी मोडक्या दुर्बिणीचा एक डोळा बसवला होता. त्यातून कागदावर बशीएवढा सूर्य पडे; फिकट, थरथरता, पाण्यावर तरंगल्यासारखा. त्यावरचे काळे डाग ते पेन्सिलीनं टिपत.

"कागदाला बघा, सूरजला न्हाय," ते बजावत. "डोळे एकदाच मिळतात, कुलकर्णीबाबू."

फार उंचावर हवेचा एक थर आहे, लांबचे संदेश त्याला लागून खाली येतात, आणि सूर्य भडकला की तो थर संदेश गिळून टाकतो, हे मला त्यांनीच सांगितलं.

त्या सोमवारी सतरा डाग होते. एक तर मसुरीएवढा. हेडफोनमध्ये नेहमी ज्वारीच्या रानात वारा फिरावा तशी सळसळ असे. अकरा दहाला तीही थांबली. गफूरसाहेबांनी एक बाजू माझ्या कानाला लावली. इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"आता आपण गप," ते हळूच म्हणाले. "त्याचं बोलणं चाललंय."

मध्येच जवळचं नळदुर्ग स्वच्छ ऐकू आलं. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आमचे साहेब तिथं लहान यंत्र घेऊन थांबले होते. मंत्री निघाले का, एवढंच त्यांनी विचारलं. "बदल कळलेला नाही," असं गफूरसाहेबांनी कळवलं.

बदल झाला होता. मंत्री तीन तास उशिरा येणार, हा संदेश औरंगाबादनं त्याच बेचाळीस मिनिटांत सोडला होता, आणि तो पोचला असं धरून पुन्हा पाठवला नव्हता. साहेब हार घेऊन तीन तास उन्हात उभे. परतले ते लालबुंद होऊन.

"माझं बोलणं ऐकलंत, म्हणजे यंत्र ठीक होतं. झोपला होता तुम्ही!"

"जी नाही."

"मग 'यंत्रदोष' लिहा. मी वर कळवून मिटवतो. नाहीतर नोकरी जाईल, पेन्शनही."

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. गफूरसाहेबांनी वही ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: सूर्य.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "एक शब्द लिहायला काय जात होतं?"

"बिचाऱ्या यंत्राची झूठी बदनामी कशाला? ते तर लई जागं होतं."

मी मग साहेबांची सही घेऊन औरंगाबादला लेखी विचारलं, त्या वेळात कोणकोणत्या जिल्ह्यांनी उत्तर दिलं? अकराव्या दिवशी जबाब आला. परभणी, नांदेड, बीड, कुणीच नाही. अकरा दहा ते अकरा बावन्न.

साहेबांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्या अंधाऱ्या खोलीत गेले. कागदावरचा सूर्य थरथरत होता.

"हे डाग रोज असतात?"

"काल सात होते, हुजूर. आज पाच."

साहेब अर्धा तास बसून होते. जाताना वही मागवून 'सूर्य' या शब्दाखाली त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी निरोपाच्या दिवशी गफूरसाहेबांनी एकच गोष्ट मागितली, त्या पानाची नक्कल. मी ती लिहून शिक्का मारून दिली.

"सही कुणाची?"

"साहेबांची."

"अन् ज्यानं केलं, त्याची?"

त्यांनी खिडक्या लावल्या आणि नक्कल दुर्बिणीच्या डोळ्यासमोर धरली. बशीएवढा सूर्य नेमका त्या ओळीवर येऊन थांबला. दोन डाग होते.

"घ्या," ते म्हणाले. "आता पक्की झाली."