शीशीभाऊंच्या तोंडातला केस

धंदा सलूनचा आणि किळस केसांची, असा हा माणूस. दिवसभर लोकांचे केस कापायचे आणि घरी जेवणात एक केस सापडला की ताट लांब सारून ‘शी!’ म्हणायचे, तेही इतकं खणखणीत की शेजारचे आपापली ताटं तपासायचे. गिऱ्हाइकाच्या तोंडाला वास आला, शी. टॉवेल ओला राहिला, शी. म्हणून सगळे त्यांना शीशीभाऊ म्हणायचे. बायको म्हणायची, “माझं लग्न फिनाइलच्या बाटलीशी झालंय.”

एके सकाळी स्वतःची दाढी करताना वस्तरा डाव्या जबड्यावर अडखळला. बोटांनी चाचपलं तर हाडालाच टेंगूळ. दातांच्या डॉक्टरने एक दाढ उपटली, गोळ्या दिल्या, मग शेजारची दाढ उपटली. टेंगूळ जागचं हललं नाही, उलट फुगलं आणि खालचा ओठ बधिर झाला. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. जबड्याच्या हाडाचा कॅन्सर निघाला.

मग जो येई तो एकच विचारी, “तंबाखू खायचात का हो?” तंबाखू खाणाऱ्याला ज्यांनी कधी खुर्चीत बसू दिलं नाही, त्यांना हे विचारायचं! हा आजार हाडातच उगवतो, त्यात तंबाखूचा काही संबंध नाही, हे बायको घसा फोडून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि हळूच वास घ्यायचे. असल्या पाहुण्यांना चहा तरी का पाजावा!

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, “आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. जबड्याचा डावा भाग काढावा लागेल. पोटरीतलं बारीक हाड तिथे बसवू आणि तोंडाच्या आतून पायाचीच कातडी लावू.”

“वाचतील ना?” बायकोने विचारलं.

“काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे तिथे कॅन्सर सापडला नाही, तर आशा चांगली आहे. हा आजार फुफ्फुसात पसरू शकतो, पण जबड्यातला त्या मानाने कमी पसरतो. खात्री मात्र मागू नका.”

“पायाची कातडी तोंडात?” भाऊ म्हणाले. “शी!”

ऑपरेशनाआधीची ती शेवटची खणखणीत शी. केमोने डोक्यापासून पायापर्यंत केस गेले, भुवयासुद्धा. ऑपरेशन झालं, कडा स्वच्छ निघाल्या. पण शुद्धीवर आल्यावर भाऊंना स्वतःचाच वीट आला. नाकात नळी, हनुवटीवर लाळ, तोंडाला आंबूस घाण. ‘शी’ म्हणायला गेले तर थुंकीसकट ‘ही’ निघालं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं आणि घरातला आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

उरलेल्या केमोची वेळ आली तेव्हा त्यांनी हातानेच ‘नको’ केलं. बायको भडकली.

“लाळ मी पुसते, ओकारी मी उचलते. किळस यायचीच तर मला येऊ दे की! तुम्ही कशाला फुकटची घेता? केमो अर्धवट सोडलीत आणि कॅन्सर पुन्हा आला तर काय करू मी?”

भाऊ उठले आणि चप्पल घालू लागले. पुढची केमो कशीबशी पार पडली. सूज उतरली, नळी निघाली, डोक्यावर लव दिसू लागली.

एका सकाळी पेज पिता पिता ते थबकले. तोंडात बोट घातलं, तडक उठले, आरसा सरळ केला आणि टॉर्च मारला. आत लावलेल्या कातडीवर काळे, राठ केस उगवले होते. पायाचे केस, तोंडात!

“शी!”

बायको ओल्या हातांनी धावत आली. भाऊंनी आ केला. तिने आत डोकावून पाहिलं. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. “पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

भाऊंनी छोटी कात्री उकळून घेतली. दुकानात कधी केलं नसेल एवढं वाईट तोंड करून ते एकेक केस कापू लागले. कात्री चालली की शी, केस हाताला लागला की शी. बायको टॉर्च धरून उभी होती. सगळे केस निघाले तरी ती टॉर्च खाली घेईना.

“तो बघा, मागे अजून एक आहे,” ती म्हणाली. मागे काहीसुद्धा नव्हतं.