महेश्वरी काठाची कुंची

१९ जानेवारी, सोमवार. शहर आजही बंद. दूध आलं नाही, वर्तमानपत्र नाही. गॅसचा सिलिंडर बदलला. दुपारी क्षमाचं बाळ इस्पितळातून चोरीला गेलं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं.

क्षमा माझी भाडेकरू. जबलपूरच्या गढा भागातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत ती साड्यांना फॉल-पिको करते. गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलते, माझ्याशी मराठीत, आणि मशीन अडलं की दोन्हींत भांडते. नव्या जिवाला पहिल्यांदा नवं कापड घालायचं नाही, म्हणून तिच्या बाळासाठी मी माझी मऊ झालेली महेश्वरी फाडून कुंची शिवली होती. हिरवा काठ बरोबर कपाळावर आला होता. कुंची उलटसुलट करून ती म्हणाली, "आजी, हे टाके तर पूर्ण जबलपूर फिरून आले! फॉलवालीच्या पोराला असली शिलाई?" पण बाळ झाल्यावर तीच घातली.

एका पुढाऱ्याच्या अटकेवरून त्या दिवसांत शहर पेटलं होतं. इस्पितळात दगडफेकीतले जखमी येत होते. क्षमाचा नवरा अनुपम औषधाचं उघडं दुकान शोधत हिंडत होता. क्षमाच्या खाटेजवळ सकाळपासून एक बाई येऊन बसली होती. "माझं माहेर नागपूरचं. कुंदा म्हणतात मला." आमच्या गावात अनोळखी माणूस मराठी बोललं की आम्ही त्याला जेवूनच जा म्हणतो. क्षमाने तिला वैनी म्हटलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि न्हाणीघरात गेली. परत आली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण सगळे रस्त्यावर बंदोबस्ताला. अनुपम ठाण्याच्या बाकावर बसून राहिला. क्षमा घरी आली. ती रडत नव्हती. वाटीत दूध पिळून टाकत होती. "आटलं तर तो आल्यावर काय पिणार?" एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी बंद उठला, तशी ती शाल गुंडाळून माझ्या दारात उभी.

"आजी, चला. हळदीकुंकवाला."

"डोकं फिरलं का तुझं?"

"ती मराठी आहे ना? संक्रांतीचे दिवस आहेत. कोणत्या तरी मराठी घरात तिला कोणी पाहिलं असेलच."

"अगं, तू सोयरातली, मी विधवा. आपल्याला बोलावलंय कोणी?"

"बोलावते कोण? आपणच जाऊन राहिलो. काहून, लाज वाटते का?"

लाज वाटत होती. तरी मी चपला घातल्या.

गढ्यातली घरं झाली. एकीने आम्हाला पाहून करंडा पदराआड घेतला. बाकीच्यांनी मात्र पाट दिला, चहा दिला. बातमी कुणाकडेच नव्हती. मग ई-रिक्षा करून अधारतालला गेलो. तिथे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची बहीण, वीणाताई राहतात. क्षमाने बाईचं वर्णन केलं, तशा वीणाताई विचारात पडल्या.

"आमच्या वरच्या मजल्यावर एक जण राहतात. त्यांना बाळ झालंय म्हणे. मी अळिवाचे लाडू नेऊन दिले, तर परत केले हो. म्हणाल्या, डब्याचं दूध पाजते, मला काय करायचेत?"

क्षमा तोवर अंगणात पोचली होती. मान वर करून ती बघतच राहिली. वरच्या गॅलरीतल्या दोरीवर कुंची वाळत होती. हिरवा काठ.

"आजी, तुमचे टाके!"

बाळंतीण ती, पण जिना माझ्याआधी चढली. दार उघडलं ते कुंदानेच. एका हातात बाटली, दुसऱ्या हातावर रडणारं बाळ. क्षमाने शिवी दिली नाही. म्हणाली, "द्या वैनी. भुकेला आहे तो."

कुंदाने दिलं. क्षमा तिच्याच पलंगावर बसून पाजू लागली आणि खोली एकदम शांत झाली. कुंदा भिंतीला टेकून खाली बसली. "दोनदा पोटातच गेलं माझं," ती म्हणाली. "या वेळचं गेलेलं घरी सांगितलंच नाही मी."

क्षमाने मान वर केली नाही. "पाणी द्या मला," म्हणाली. कुंदाने तांब्या भरून दिला.

वीणाताईंनी अनुपमला फोन केला. तो महिला शिपायाला घेऊन आला आणि बाळाच्या तळव्यांना हात लावत उभा राहिला. कुंदा शिपायाबरोबर मुकाट्याने गेली. जाताना तिनेच दोरीवरची कुंची काढून घडी करून पलंगावर ठेवली.

परतताना रिक्षात क्षमा कुंची नाकाशी धरून म्हणाली, "धुतली होती हो तिनं. साबणाचा वास येऊन राहिला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता टाके नीट करू का?"

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार. दूध आलं, अर्धा लिटर जास्त घेतलं. संध्याकाळी अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले.